रुखमा सिस्टरची वाट

रुखमा मेश्राम एकतीस वर्षं नर्स होत्या. कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या मोहटोल्याच्या आरोग्य उपकेंद्रात त्यांची नोकरी सुरू झाली आणि तिथेच संपली. मी कुरखेड्याला शाळेत शिकवतो. माझी पहिली नेमणूक मोहटोल्याची होती आणि माझ्या दोन्ही लेकरांना लस त्यांनीच टोचली, म्हणून ओळख जुनी.

त्यांच्याकडे पाच गावं होती. सुरुवातीची अठरा वर्षं गावांना रस्ता नव्हता. लसीची पेटी खांद्याला अडकवून त्या पायवाटेनं जात. मोहटोल्याहून खैरीटोला, नाला ओलांडून आमगुडा, तिथून डोंगरीच्या पायथ्यानं दोन पाडे करून परत. ही वाट किती लांबीची आहे, हे तेव्हा कोणी मोजलं नव्हतं. सकाळी निघायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं, एवढंच माप. पुढे रस्ता झाला, जीप आली, तरी महिन्यातून एकदोनदा त्या पायीच जायच्या. जीपमधून गेलं की बाया बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्त झाल्यावर त्यांना घरात करमेना. नवरा आधीच गेलेला, एकुलती मुलगी नंदिनी पुण्यात नोकरीला. दिवाळीत ती आली तेव्हा तिनं आईच्या फोनमध्ये चाललेली वाट नोंदवणारं ॲप टाकून दिलं आणि लांब पल्ल्याचं चालणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपात तिचं नाव घातलं. 'चालते पाय' हे त्या ग्रुपाचं नाव. महाराष्ट्रभरची दहा-अकरा हजार माणसं. मीही त्यात होतो.

जानेवारीत रुखमाबाई आपली जुनी फेरी पुन्हा चालल्या. फोननं एकोणीस किलोमीटर सांगितले. नंदिनीनं शिकवल्याप्रमाणे त्यांनी ती वाट ग्रुपावर टाकली आणि खाली लिहिलं, "नोकरीत ही वाट मी एकतीस वर्षे चालली. सावली भरपूर. वाटेत नाला, झरा आणि टाकं अशा तीन ठिकाणी पाणी आहे."

ग्रुपातल्या लोकांना ती वाट फार आवडली. कोल्हापूरच्या एका डॉक्टरनं लिहिलं की आपण हजारो रुपयांचे बूट घालून दमतो आणि ही बाई चपलेवर चालते. बरेच जण त्यांना मावशी म्हणू लागले. चपलेचा फोटो मागितला तर त्यांनी तोही टाकला. लोक वाघाचं विचारत, अस्वलाचं विचारत, मुक्काम कुठे करता येईल ते विचारत. त्या एकेकाला उत्तर देत. एकदा मला म्हणाल्या, "गुरुजी, एकतीस वर्षं रिपोर्ट भरला. लसी किती, ताप किती, बाळंतपणं किती. किती चाललीस, हे मले कोणी इचारलं नाई."

मे महिन्यात नबील नावाच्या तरुणानं ग्रुपावर त्यांना उद्देशून लिहिलं. तो मूल गावचा, नागपुरात एका दुकानात फोन दुरुस्तीचं काम करायचा, वय एकोणतीस. नागपूर ते रामटेक तो दोनदा चालत गेला होता. त्यानं लिहिलं, "मावशी, पुढच्या रविवारी तुमची वाट करतो. वजन कमी ठेवणार, पाणी वाटेत आहेच."

रुखमाबाई त्या दिवशी सिंदेवाहीला नात्यातल्या लग्नात होत्या. मांडवात पंगत बसली होती. त्यांनी फोन पाहिला आणि त्या निरोपाखाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं होतं की पहिलं वाचूनच अंगठा दाबला, हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. त्यांनी खूप प्रयत्न केला, तरी नाही.

त्या रविवारी पारा सेहेचाळीसवर होता. नबीलची बस उशिरा आली आणि मोहटोल्याच्या फाट्यावरून तो नऊच्या पुढे निघाला. रुखमाबाईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. आधी फेरी पुरी करावी, मग मावशीला भेटावं, असं त्याच्या मनात असावं. तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं पहाटे जाऊन दहाच्या आत परततात. त्यानंतर त्या जंगलात कोणी थांबत नाही.

दुपारी चारच्या सुमाराला लटारू नावाचा म्हातारा चुकलेली शेळी शोधायला गेला. आमगुड्याच्या अलीकडे, झऱ्याजवळ, त्याला एक माणूस पडलेला दिसला. फोनला रेंज यावी म्हणून तो डोंगरीच्या वळणापर्यंत धावत गेला आणि तिथून त्यानं रुखमाबाईंनाच फोन लावला. त्या गावांमध्ये अजूनही कोणाला काही झालं की आधी फोन त्यांनाच लागतो.

त्यांनी ॲम्ब्युलन्सला कळवलं. शेजारच्या धम्मदीपच्या मोटारसायकलवर मागे बसल्या, मांडीवर पाण्याचा डबा आणि दोन चादरी. पोचल्यावर कपाळाला हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. त्यांनी त्याचा सदरा फाडला, ओली चादर गुंडाळली, दुसरीनं वारा घालत राहिल्या. लटारूला मान धरायला लावली. मुलगा एकदा काहीतरी पुटपुटला. त्यांना शब्द लागले नाहीत.

शेजारी त्याचा फोन पडला होता. पडदा चालू होता आणि त्यावर नकाशातली निळी रेघ होती. ती रेघ कोणाची, हे त्यांना पाहताक्षणी कळलं. नाला तर आधीच आटलेला, आणि झऱ्याच्या जागी वाळू होती. ती दोन हातांनी कोपरभर उकरलेली होती. त्याच्या नखांत ती ओलसर वाळू होती, पण पाणी लागलं नव्हतं.

आमगुड्याची बोअरिंग, म्हणजे हातपंप, तिथून दीड किलोमीटरवर आहे. पण वाट झऱ्यापासून उजवीकडे वळते आणि गाव डावीकडे राहतं. जानेवारीत रुखमाबाई गावात न शिरता झऱ्यावरूनच वळल्या होत्या; झरा वाहत होता, म्हणून बोअरिंगवर जायची गरज पडली नव्हती. रेघेत ती कुठेच नव्हती.

ॲम्ब्युलन्स वेळेत आली. दवाखान्यात पोचण्याआधी नबील गेला.

ग्रुपावर दहा-बारा दिवस दुसरा विषय नव्हता. आधी श्रद्धांजली, मग चूक कोणाची याची चर्चा. काहींनी लिहिलं, मे महिन्यात एकटं जाणं हाच मूर्खपणा. काहींनी रुखमाबाईंचं ते तीन ठिकाणच्या पाण्याचं वाक्य फोटो काढून टाकलं आणि अशा लोकांना वाटा टाकू देऊ नका म्हटलं. कोल्हापूरच्या डॉक्टरनं काहीच लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही. जानेवारीत मी त्या वाटेची तारीफ केली होती, आणि झरा एप्रिलमध्ये आटतो हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. बाराव्या-तेराव्या दिवशी कोणीतरी पावसाळी बुटांचं विचारलं आणि लोक तिकडे वळले.

नंदिनीचा फोन आला. "आई, ती वाट काढून टाक. ग्रुपातूनही नीघ."

"काढली म्हणजे काय होईन?" रुखमाबाई म्हणाल्या.

"तुला त्रास नाही होणार."

रुखमाबाईंनी वाट काढली नाही, पण फोन कपाटात ठेवला तो ठेवलाच. पावसाळाभर त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. मी भेटायला गेलो की चहा करायच्या आणि माझ्या लेकरांचं तेवढं विचारायच्या.

ऑक्टोबरात, धान पिवळं पडायला लागलं तेव्हा, मूलहून नबीलचे वडील आले. गफ्फारभाई मूलच्या बाजारात टेलर. साठीचे, अंगानं बारीक. कुरखेड्याला उतरून त्यांनी शाळेत माझी चौकशी केली, कारण दुसऱ्या दिवशी जागेच्या पंचनाम्याला मी होतो आणि पोलिसांच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझंही नाव होतं. मीच त्यांना मोहटोल्याला नेलं.

रुखमाबाईंनी पाणी दिलं. गफ्फारभाई ते पूर्ण प्याले आणि म्हणाले, "बाई, मले ते जागा पाहाची आहे."

"चालत जा लागते, भाऊ."

"चालतो."

आम्ही तिघं निघालो. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. चपला हातात घेऊन तो ओलांडला. पलीकडे गेल्यावर रुखमाबाई थांबल्या. त्यांनी आधीच ठरवलं असावं, कारण आवाज स्थिर होता.

"भाऊ, तिथी जाच्या आधी एक सांगतो. तुमच्या पोरानं मले लिवलं होतं, पाणी वाटेत आहेच म्हणून. मी त्याले नाई म्हटलं नाई. अंगठा देल्ला. हो म्हटल्यासारखं झालं ते."

गफ्फारभाईंनी हातातल्या चपला खाली ठेवून पायात घातल्या. मग विचारलं, "तुमाले मालूम होतं, पाणी नाई म्हणून?"

"इचार केला असता तं मालूम होतं. इचार केला नाई."

ते पुढे चालू लागले. आम्ही मागून गेलो.

झरा वाहत होता. तीन-चार ठिकाणांहून पाणी निघून खालच्या दगडांत साचलं होतं. गफ्फारभाईंनी विचारलं, "गाव कुठी आहे?" रुखमाबाईंनी डावीकडे हात केला. किती दूर, हेही त्यांनी खरं ते सांगितलं. गफ्फारभाई खाली बसले. त्यांनी हात पसरून फातेहा पढला. रुखमाबाई बाजूला हात जोडून उभ्या राहिल्या आणि मनातल्या मनात त्रिशरण म्हणत असाव्यात, ओठ हलत होते. मला काय करावं ते कळेना. मी टोपी काढून हातात धरली.

परतताना अर्ध्या वाटेवर गफ्फारभाई बोलले.

"ते वाट फोनवर हाय का अजून?"

"आहे. काढून टाकतो, भाऊ. तुमी म्हणान तं आजच काढतो."

"काढू नका. काढली तं दुसरा कोणी टाकन. तुमच्याइतकी मालूमात नसन त्याले." ते चालत राहिले, मग म्हणाले, "लहान लेकराचं माप घेतो तं आमी बाजूले तारीख लिवतो. सा महिन्यानं ते माप कामाचं राह्यत नाई. तुमी तारीख नाई लिवली."

रुखमाबाईंनी मान डोलावली. गफ्फारभाईंनी त्यांना माफ केलं असं म्हटलं नाही, आणि रुखमाबाईंनीही माफी मागितली नाही. बसमध्ये बसताना गफ्फारभाईंनी माझा हात धरला, रुखमाबाईंचा नाही.

पुढच्या महिन्यापासून दर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रुखमाबाई ती फेरी करू लागल्या. पौर्णिमेला त्या विहारात जातात, म्हणून दुसरा दिवस धरायला सोपा. तिन्ही पाण्यांजवळ थांबून त्या फोटो काढत आणि त्या वाटेखाली तारखेसह लिहीत. नाला, गुडघाभर. झरा, बारीक धार. टाकं, शेवाळलेलं, पिऊ नये. आमगुड्याची बोअरिंग त्यांनी वाटेवर खूण करून दाखवली आणि तिचा दांडा मोडलेला असेल तर तेही लिहिलं. पहिल्या पाच महिन्यांत त्या नोंदींखाली कोणीच काही लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी लिहिलं, "झरा कोरडा. आजपासून पावसापर्यंत ही वाट करू नये. हे लिहिणारी मी, रुखमा मेश्राम. मागच्या वर्षी हे न लिहिल्यामुळे एक माणूस गेला. त्याचे नाव नबील."

या वेळी मात्र लोक बोलले. पुन्हा वाद झाला, पुन्हा कोणी कोणी कडू लिहिलं. त्यांनी उत्तरं दिली नाहीत. पण थोड्या दिवसांनी मेळघाटातल्या एकानं आपल्या वाटेवरचं कुठलं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं ते टाकलं. मग साताऱ्याच्या बाईनं. कोल्हापूरच्या डॉक्टरनं आपल्या तीन वाटा दुरुस्त केल्या.

मे महिन्यातल्या फेरीला मी त्यांच्यासोबत गेलो. पहाटे पाचला निघालो. दोघांकडे मिळून सात लिटर पाणी होतं आणि ते मीच उचलावं, असा माझा आग्रह त्यांनी मानला नाही. वाटेत पिंकी नावाची आमगुड्याची सून तेंदूची पानं बांधत बसली होती. तिच्या दोन्ही बाळंतपणांना रुखमाबाई होत्या. तिनं विचारलं, "सिस्टर, काऊन फिरून राह्यल्या एवढ्या उनात? नोकरी तं सरली."

"पाणी पाहून राह्यली," त्या म्हणाल्या.

"पाणी कुठचं आता?"

"तेच लिवाचं आहे," रुखमाबाई म्हणाल्या, आणि पिंकीच्या गठ्ठ्याशेजारी टेकून त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं.