नराला बाहेर काढावं लागलं

मंडळी, फर्स्ट शिफ्ट करून चिखलीतल्या खोलीवर आलो, तर टाकीतल्या करवंटीत माझ्या अ‍ॅपिस्टो माशांच्या मादीनं अंडी घातलेली! अंडी राखताना होते तशी ती पिवळीधमक झालीय. नर जवळ गेला की चावायला धावते. त्याची शेपटी फाटली, म्हणून शेवटी त्याला बरणीत काढला.

खुशीत बायकोला फोन लावला. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आहे, लातूरला. फोन सासूबाईंनी उचलला.

"बाळ-बाळंतीण दोघं आत्ताच झोपलेत, जावईबापू."

"रविवारी येऊन जाऊ का?"

"आता बारशालाच या की. उगं कशाला धावपळ?"

माशांचं सांगायचं राहूनच गेलं.

बरणी टाकीला चिकटवून ठेवलीय. नर काचेतून करवंटीकडंच बघतोय. मीपण ताट घेऊन तिथंच बसलोय.

ज्यांनी पिल्लं काढलीत त्यांनी सांगा राव, मादी त्याला परत कधी जवळ येऊ देते?