गंगामायच्या ओट्याचे दगड

आमच्या घरचा नेम असा, की पावसाळा लागला की मासा बंद. पूर ओसरल्यावर जाळ्यात येईल ती पहिली मासोळी गंगामायला, नदीकाठच्या देवीला, दाखवायची, मगच घास घ्यायचा. बाकीचे सूट घेतात, पण आमचे सासरे, म्हणजे मामाजी, घेत नाहीत. मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाला आमचं गाव. घरचे वैनगंगेत जाळं टाकतात आणि मी बाजारात टोपली घेऊन बसते.

गेल्या उन्हाळ्यात मामाजींच्या मनात आलं, जी माय एवढं देते तिला उघड्यावर का ठेवायचं? ओटा बांधू. दगड तर नदीतच होते. डोहाच्या वर पाणी खळाळत उतरायचं, तिथले सगळे गोटे गावाने बैलबंड्यांत भरून आणले. ओटा दृष्ट लागावी असा झाला.

पूर आला, ओसरला. जाळ्यात चार झिंगे, मासोळी एकही नाही! मी नवऱ्यावरच तडकले, म्हटलं जाळं फाटकं असेल, नाहीतर तुमचं लक्ष नसेल. पण सगळ्यांचीच जाळी रिकामी. मायचा कोप झाला, बकरं द्या, असं लोक बोलू लागले. हिवाळा लागला तरी मामाजी वरण-भातच गिळत होते. अंगाची पार काडी झाली. मी म्हटलं, तळ्यातला मासा विकत आणते, तो दाखवा. त्यांनी मान फिरवली.

एका सकाळी ते मला घेऊन नदीवर गेले. दगड काढले होते तिथं पाणी सपाट, गुमान वाहत होतं. डोहातली मासोळी पुरात वर चढायची, त्याच दगडांच्या आडोशाला थांबायची, तिथंच अंडी टाकायची. हे तर जन्मभर त्यांनी पाहिलेलं.

“पोरी,” ते म्हणाले, “बाळंतिणीची खोलीच उपटून आणली म्या.”

घरी आले, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि थेट ओट्यावर घातली. मी हादरलेच! देवीच्या ओट्यावर घाव? बाया रडायला लागल्या. पाप लागेल म्हणून कुणीतरी हात धरला.

“लागू दे. मलेच लागन,” मामाजी म्हणाले. “माय इथी बसतच नाई.”

पहिला दगड छातीशी धरून ते पाण्यात उतरले. दुसरा मी उचलला, मग हळूहळू बाकीचे आले. आता सगळे दगड जागेवर आहेत.

यंदाचा पूर अजून यायचाय. मामाजी वरण-भातावरच आहेत.