पत्र्याच्या डब्याचा आवाज

मी ऑनलाइन पियानो शिकवते. लिहिलेला धडा स्वतःच पियानोवर वाजवून दाखवणारं एक नोटेशन सॉफ्टवेअर मी आधी निवडलं होतं. शिकणाऱ्यांनाही दिलं.

आठवड्याभरात त्यांच्यातल्याच चिखलीच्या काकांनी घरच्या रियाजाचं रेकॉर्डिंग पाठवलं. एक सूर चुकेल तर शपथ! तिथंच मला शंका आली. काका स्वतःच्या वर्कशॉपच्या वर राहतात. त्यांच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये खालच्या प्रेस मशीनचे दणके असतातच. यात एकही नव्हता.

फोन करून सहज विचारलं, "काका, मशीन बंद होतं का?"

"छे ओ मॅडम! डबल शिफ्ट चालू आहे."

काकांच्या नावानं वाजवणारं ते सॉफ्टवेअर मी त्याच दिवशी काढून टाकलं. आता ज्याचा पियानो पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजतो, तेच मुद्दाम घेतलंय. पाठवा म्हणावं आता रेकॉर्डिंग.