बागेपर्यंतचे पावणेदोन तास

विमानतळ शहराबाहेर हलवला तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला होता. साठ किलोमीटर अंतर, वाटेत खारवट पडीक जमीन, गोदामं आणि विजेचे मनोरे. विमानातून उतरलेल्या माणसाला शहरात पोचायला एकच सरळ सोय होती, ती म्हणजे आमची बस. विमानतळाच्या दारातून निघायची आणि शहराच्या मधोमध असलेल्या मोठ्या बागेच्या फाटकाशी थांबायची. वाहतूक ठीक असली तर पावणेदोन तास लागायचे. मी विमानतळाच्या टोकाला कंट्रोलर होतो. पत्र्याच्या केबिनमध्ये बसून गाड्या सोडायच्या आणि सुटल्याची वेळ टाकून सही करायची, हे माझं काम.

त्या मार्गावर ताई चौदा वर्षं ड्रायव्हर होती. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच. मेकॅनिकपासून मॅनेजरपर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. सुरुवातीला तिला स्टिअरिंगमागे बघून काही प्रवासी पायरीशी घुटमळायचे. एकाने तर तिलाच विचारलं, ड्रायव्हर कधी येणार? ती म्हणाली, "ड्रायव्हर आलीय. तुमचंच यायचं राहिलंय."

घरी आई आणि धाकटी बहीण. मोठा भाऊ, म्हणजे दादा, परदेशात पूल बांधणाऱ्या कंपनीत होता. वडील लवकर गेले. आईने बागेच्या मागच्या बाजूच्या सरकारी दवाखान्यात चादरी धुऊन तिघांना वाढवलं. म्हातारपणी ती त्याच दवाखान्यात, तशाच चादरीवर येऊन पडली. फुप्फुसं निकामी होत चालली होती. दादा दर दोन दिवसांनी फोन करायचा, आणि आई ताईला हाताने खुणावायची, सांगू नकोस. त्याच्या पुलाचं काम शेवटाला आलं होतं. ताई सांगायची, "बरी आहे. घाई करू नकोस." असं महिनाभर चाललं. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की मुलाला बोलावून घ्या, तेव्हा तो दोन विमानं बदलून निघाला.

तो येणार त्या दिवशी ताईने मुद्दाम सकाळची फेरी मागून घेतली. आदल्या संध्याकाळी आईने दोन घास खाल्ले होते. दादाला आपणच घेऊन येऊ, असं ताईच्या मनात होतं.

सव्वादहाला माझ्या केबिनमधला फोन वाजला. ड्युटीवर ड्रायव्हरने मोबाइल बंद ठेवायचा, असा नियम होता, म्हणून धाकटीने तिथे फोन केला होता. ताई बाहेर गाडीची काच पुसत होती. मी तिला हाक मारली. तिने फोन कानाला लावला, बराच वेळ ऐकलं, "बरं" म्हणाली आणि ठेवून दिला.

"आई गेली," ती मला म्हणाली. "नऊ चाळीसला."

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. मी म्हटलं, डेपोतून दुसरा ड्रायव्हर मागवतो. त्याला यायलाच दीड तास लागला असता. नियम अगदी स्पष्ट होता, अशा अवस्थेतल्या ड्रायव्हरच्या हातात गाडी द्यायची नाही.

"दादाचं विमान उतरलंय," ती म्हणाली. "त्याचा तिकडचा फोन इथे चालत नाही, त्याला काही माहीत नाही. दीड तास या पत्र्याखाली त्याला काय सांगत बसू? मी नेते गाडी."

मी तिच्या हातांकडे बघितलं. ते थरथरत नव्हते. तेवढ्यावर मी सही केली.

दादा आला. उंच, दाढी वाढलेली, हातात एकच बॅग. त्याने बहिणीच्या पाठीवर थाप मारली आणि तिच्या मागच्याच सीटवर बसला. तो धरून एक्केचाळीस प्रवासी झाले. गाडी सुटली तेव्हा तो कशावर तरी हसत होता.

पुढचं मला ताईने नंतर सांगितलं. दादाने आधी विचारलं, आई कशी आहे? तिच्या तोंडून निघालं, "शांत झोपलीय." मग तो बोलतच राहिला. आईला जिने नकोत म्हणून त्याने तिकडे तळमजल्यावरचं घर बघून ठेवलं होतं. तिला दाखवायला पुलाचे फोटो आणले होते. म्हणाला, "तू घाई करू नकोस म्हणालीस ते बरं झालं. सगळं आटपून आलो. आता महिनाभर हलत नाही." ताईने रस्त्यावरून नजर काढली नाही.

गोदामांच्या पुढे उड्डाणपुलावर वाहतूक तुंबली. गाडी बारा मिनिटं जागची हलली नाही. तिथे सांगता आलं असतं, असं ताई म्हणते. तिने मान वळवलीही होती. पण मागे कुणाचं तरी बाळ रडायला लागलं आणि दादा उठून त्याला खेळवत बसला. आरशात तिला त्याचं तोंड दिसत होतं. तेवढ्यात पुढची गाडी हलली.

बागेच्या फाटकाशी सगळे उतरले. तिने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मगच मागे वळली.

"दादा, आई गेली. सकाळीच."

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग त्याने एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"निघायच्या आधी."

तो बॅग घेऊन उतरला आणि बागेतून दवाखान्याकडे चालत गेला. बदली ड्रायव्हर येईपर्यंत ताईला गाडी सोडता येईना. त्यात पंचवीस मिनिटं गेली. ती पोचली तेव्हा दादा आईच्या उशाशी बसला होता. त्याने मान वर केली नाही. त्यानंतर तो तिच्याशी एकच वाक्य बोलला. "पावणेदोन तास तू मला हसू दिलंस."

चौथ्या दिवशी आमच्या ऑफिसात त्याची तक्रार आली. घरात मृत्यू झाल्याचं माहीत असताना ड्रायव्हरने एक्केचाळीस माणसांची गाडी चालवली, असं त्यात लिहिलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन आठवड्यांनी तो परत गेला. तेव्हापासून तो फक्त धाकटीला पत्र लिहितो.

चौकशीला तीन अधिकारी होते. त्यांनी मला विचारलं, गाडी सोडताना तुम्हाला कल्पना होती का? ताई समोरच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. माझ्या दोन मुली तेव्हा शाळेत होत्या. पुढच्या महिन्यात माझी बढती व्हायची होती. आज मी ही कारणं सांगतो, पण त्या वेळी मनात यातलं काही आलं नाही. नुसती भीती वाटली. मी म्हटलं, "नाही. फोन कशासाठी होता ते मला माहीत नव्हतं."

त्यांनी ताईला विचारलं, कंट्रोलरला सांगितलं होतं का?

तिने माझ्याकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली.

तिची गाडी कायमची काढून घेतली. डेपोच्या मागे हरवलेल्या सामानाची खोली होती, तिथे तिला बसवलं. छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट, एकदा तर कुणाची कवळी. नऊ वर्षं तिने त्यांना चिठ्ठ्या लावल्या. खोलीला खिडकी नव्हती, पण फेऱ्यांवर निघणाऱ्या गाड्यांचा आवाज यायचा. मला बढती मिळाली. त्या खोलीवरून जायला लागू नये म्हणून मी कँटीनला लांबून वळसा घालून जायचो.

ती निवृत्त झाल्यावर एका दुपारी मी तिच्या घरी गेलो. तिने चहा केला. मी विचारलं, तेव्हा माझं नाव का नाही घेतलंत?

"तुम्ही मला गाडी दिलीत म्हणून. दुसऱ्या कुणी दिली नसती," ती म्हणाली. "हातात काही नसतं, तर मी तिथेच कोसळले असते."

"मग मला माफ केलंत?"

"ते विचारू नका." तिने कप बशीत ठेवला. "तुमच्यावर राग आहे. दादावर आहे तेवढा नाही. आणि माझा स्वतःवर जेवढा आहे, त्याच्या तर हे दोन्ही जवळपासही येत नाहीत."

एवढ्यात धाकटी भाजीची पिशवी घेऊन आत आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"हे आमचे कंट्रोलर," ताईने सांगितलं, आणि आणखी काही म्हणाली नाही. मी उरलेला चहा संपवला आणि उठलो.