सावकाशची जागलेली रात्र

शाळेची बस चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘सावकाश’ म्हणत. शेवटचं पोर नीट बसेपर्यंत बस जागची हलायची नाही. मागचे हॉर्न वाजवून दमायचे. हा आपला ढिम्म.

पण हे सावकाशपण जागेपणीचं. झोपेत त्याच्या छातीत काय चालतं, ते बायकोच्या तळहाताला ठाऊक. गाढ झोपेत काळीज संथ चालायचं. पहाटेकडे मिटल्या पापण्यांखाली बुबुळं फिरू लागली, ओठ पुटपुटू लागले, की ठोका अडखळायचा. मग दोन-तीन एकदम धक्काबुक्की करत यायचे.

तिनं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा चिकटवून कमरेला ठोके नोंदवणारं यंत्र बांधलं. “उद्या आणून द्या. नेहमीसारखे झोपा.”

दुसऱ्या दिवशी नोंद बघून बाई म्हणाल्या, “काही वावगं दिसत नाही.”

सावकाश खुलला. बायको म्हणाली, “दिसेल कसं? रात्रभर चहा ढोसत बसले होते. डोळ्याला डोळा नाही!”

“का हो?” बाईंनी विचारलं.

तो ओशाळला. “गाडी आरटीओत पासिंगला नेताना धुऊन, नटबोल्ट आवळूनच नेतो की आपण.”

बाईंना हसू आवरेना. “अहो, तुमची गाडी अडते घाटात, आणि तुम्ही दाखवलीत अंगणात उभी करून! स्वप्नं पडतात त्या झोपेत श्वास आणि नाडी वर-खाली होतात. कुणाकुणाचं हृदय नेमकं तिथंच चुकतं. झोपलाच नाहीत, तर सापडणार कसं?”

“सापडलं तर स्टिअरिंग जाईल माझं.”

“काही दिवस जाईलही. औषधानं ताळ्यावर येतं बऱ्याचदा.”

“पण दुखणं झोपेतलं. दिवसा त्याचं काय?”

“दिवसा ते येणारच नाही, याची हमी मी कशी देऊ?”

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. त्याला आरशात दिसणारी मागची बाकं आठवली. डुलक्या घेणारी, दप्तरावर गाल टेकलेली पोरं. ती त्याच्या भरवशावर झोपत होती, आणि त्यानं स्वतः मात्र भीतीपोटी झोप टाळली होती.

“बांधा पुन्हा,” तो म्हणाला.

दवाखान्यातून तो थेट बसमालकाकडे गेला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

“उद्यापासून दुसरा बघा.”

“म्हणजे? रिपोर्ट वाईट आला?”

“अजून कुठं! आधी झोपायचंय.”