ब्रिटिश मालिकेवर अब्बांचं मत

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तरीही ब्रिटिश मालिकेबद्दल लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

कॉलेजच्या फिल्म क्लबात घ्यावं म्हणून एका मालिकेचं परीक्षण द्यायचं होतं. मला क्लबात जायचंच होतं, पण काही सुचेना. इथेच शारजात गॅरेजमध्ये काम करणारे अब्बा शेजारी बसून तीच खुनाची मालिका बघत होते. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही. तरी दुसऱ्याच भागात म्हणाले, "खलास! खुनी तो डॉक्टर. गावभर चिखल, आणि ह्याच्याच गाडीची चाकं धुतलेली!"

"अब्बा, तुम्हाला सगळीकडे गाड्याच दिसतात," मी हसलो.

शेवटी डॉक्टरच निघाला. मी परीक्षणात अब्बांचं मत अब्बांचं म्हणूनच लिहिलं आणि घाबरत पाठवलं.

आठवड्याने निरोप आला: मला क्लबात घेतलंय, आणि पुढच्या मालिकेला अब्बांनाही बोलावलंय.