दिनकर भाऊजींचं वेगळं ताट

एक स्टीलचं ताट, दोन वाट्या, एक पेला. चारशे साठ रुपये. नाव दुकानदारानं फुकट टाकून दिलं.

सख्ख्या दिराला घरातल्या घरात वाळीत टाकायला मला एवढाच खर्च आला.

आज भाऊजींना जाऊन वर्ष झालं. इथं ग्रुपवर लोक फोटोखाली दोन ओळी लिहितात. मला दोन ओळींत जमणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिनकर भाऊजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. चिकलठाण्याला पंपाच्या कारखान्यात फिटर होते. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. गल्लीतल्या निम्म्या कूलरच्या मोटारी त्यांनीच दुरुस्त केल्यात. पैसे घेत नसत, चहा मात्र दोनदा घेत.

मग एका परदेशी कंत्राटदाराकडून ते जपानला गेले. तिथं सुनामीत अणुभट्ट्या बिघडल्या होत्या, त्या गार ठेवायच्या कामावर. पाइप आणि पंप बघायचे.

मी दहावी पास. फोनवर विचारलं, "भट्टी बंद पडलीय ना भाऊजी? मग गार काय करायचं?"

"वहिनी, गॅस बंद केला की तुम्ही लगेच कुकर उघडता का?"

"नाही. वाफ असते आत."

"तसाच हा कुकर. गॅस बंद करून वर्षं झाली, तरी आतलं तापतंच राहतंय. माल वितळून खाली बसलाय. वरून पाणी सोडायचं, खालचं खराब पाणी ओढायचं, गाळायचं, परत सोडायचं. थांबायचं नाय."

मी म्हटलं, म्हणजे वेरूळला पिंडीवर धार असते तसं.

"व्हय, लई बरोबर. फक्त इथलं तीर्थ घ्यायचं नाय."

आमच्याकडं तेव्हा नळ आठ दिवसांनी यायचा. हे त्यांना चिडवायचे, की तू तिकडं पाणी ओततोस म्हणून इकडं येत नाही.

भाऊजी म्हणायचे, "दादा, इथलं पाणी थांबलं तर सगळं जग विचारतं. तिथलं थांबलं तर एकटी वहिनी."

पहिल्या सुट्टीला आले तेव्हा माझी पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना.

शेजारच्या एकीनं मनात भरवलं, "किरणं अंगाला चिकटून येतात म्हणे. कपड्यातून, उष्ट्यातून."

मी यांना विचारलं नाही. डॉक्टरांना विचारलं नाही. सरळ भांड्याच्या दुकानात गेले.

भांड्यावर नाव टाकतात ते देणाऱ्याची आठवण राहावी म्हणून. मी टाकलं ते त्यांचं ताट चुकून पल्लवीपुढं जाऊ नये म्हणून.

भाऊजींनी ते उलटसुलट करून पाहिलं. "वहिनी, माझं नाव? आजवर घरातल्या चमच्यावर पण नव्हतं."

दोन दिवस येईल त्याला दाखवत होते.

तिसऱ्या दिवशी मी ते मागच्या नळावर वेगळं घासताना त्यांनी पाहिलं. त्यांचे कपडेही वेगळ्या दोरीवर.

संध्याकाळी मी देवघरात वाती वळत होते. ते उंबऱ्याच्या बाहेर बसले.

"वहिनी, तिथून सुटताना रोज अंगावरचं सगळं काढून तिथंच टाकतो. मग मशीनमधी उभं राहायचं. हात, पाय, डोकं, सगळं तपासतं. साफ निघाल्याशिवाय सोडत नायत. तुमच्या सोवळ्यात पण एवढं कडक नसतं."

मी पुढची वात वळायला घेतली.

"किरणं लागली तर मला लागली. माझ्यापासून तुम्हाला लागत नायत. उन्हातून आलेल्या माणसाजवळ बसून तुम्ही काळ्या पडता का?"

मी हसले. मान हलवली.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच ताटात वाढलं.

समजलं होतं मला. भीती गेली नव्हती.

मग जेवण झालं की ते स्वतःच ताट घासायचे आणि मागच्या कोनाड्यात ठेवायचे. मला सांगायची पाळी येऊ नये म्हणून. बाळंतपणापर्यंत थांबणार होते, ते थांबले नाहीत. "पंपावर माणूस नाय" म्हणाले.

पुढच्या सुट्टीला आले तेव्हा नात आठ महिन्यांची होती. तोवर पल्लवीच्या डॉक्टरीणबाईंनी या भीतीवरून मला चांगलं फैलावर घेतलं होतं. ते ताट मी सगळ्या ताटांत मिसळून टाकलं होतं. दारातच मी बाळ त्यांच्यापुढं धरलं.

ते मागं सरले.

"थांबा वहिनी."

मोरीत गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. परत धुतले. परत एकदा. शर्ट बदलला. मग हात पुढं केले.

"आता द्या."

गरज नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी धुतले. आणि मी तिथंच उभी होते, तरी "राहू द्या" म्हटलं नाही.

पुढं काम सोडून ते कायमचे परत आले. तीन वर्षं घरात होते. रोज वाटायचं, आज बोलावं. रोज काहीतरी निघायचं.

लोक विचारतात, तिकडचंच दुखणं का? नाही. हृदयाचा झटका आला, सासऱ्यांना आला होता तसाच.

भाऊजी, चुकलं माझं. देव तुम्हाला त्याच्या पायाशी जागा देवो.

त्यांच्याबरोबर तिथं कामाला असलेले दोघं-तिघं हे वाचतात, मला ठाऊक आहे. घरचा पत्ता तुमच्याकडं आहे. भाऊजी माझ्याबद्दल कधी काही बोलले असतील तर ते इथं खाली लिहू नका, फोनही नको. पत्र टाका. चांगलं असेल तर यांना वाचून दाखवीन. राग असेल तर मी एकटी वाचीन.

जे असेल ते उलट टपाली कळवा.